सार्वजनिक वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण काम होत नाही: नेमकं कुठं अडलंय ते कसं शोधायचं

फोनवर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या. व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, कॉल मात्र लागत नाही. मेल येतात, पण आपण लिहिलेली मेल आउटबॉक्समध्येच पडून राहते. ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षितपणे जोडणारं ॲप, ‘कनेक्टिंग’च्या पुढं सरकत नाही. आणि घरी गेलं की सगळं आपोआप सुरळीत.

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात कुणाचा ना कुणाचा हा प्रश्न माझ्याकडे सतत येत असतो. कधी स्टेशनवरून फोन येतो, कधी दवाखान्याच्या बाकावरून, कधी होस्टेलच्या खोलीतून. तोवर बहुतेकांनी फोन बंद करून चालू केलेला असतो, ॲप काढून पुन्हा टाकलेलं असतं, काहींनी पासवर्डही बदललेला असतो. एवढं करून काही होत नाही, कारण बिघाड फोनमध्ये नसतोच. सार्वजनिक जाळ्यावर काही वाटा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात आणि आपण नेमके त्याच वाटेनं जायला बघत असतो.

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात चार-पाच अगदी वेगळे अडथळे दडलेले असतात. प्रत्येकाची खूण वेगळी, उपाय वेगळा. खूण ओळखता आली नाही की माणसं भलतंच काहीतरी करतात. शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना दुकानदारानं ‘फोन जुना झालाय’ असं सांगून नवा फोन घ्यायला लावला. जुना फोन ठणठणीत होता, फक्त त्यातलं एक सेटिंग त्या वाय-फायशी जुळत नव्हतं. पेन्शनीतले पैसे असे जातात याचा मला मनापासून राग येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मोबाइल डेटावर तेच काम करून बघा

वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि जे अडलंय तेच पुन्हा करा. तिथंही अडलं तर वाय-फायचा काही संबंध नाही. ॲप, खातं, समोरचा सर्व्हर किंवा सरकारी बंदी यांपैकी काहीतरी असेल.

याची उलट चाचणीही तितकीच महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. वाय-फाय तपासताना मोबाइल डेटा पूर्ण बंद ठेवा. हल्लीचे फोन वाय-फाय ढिलं वाटलं की गुपचूप मोबाइल डेटावर जातात. आयफोनमध्ये त्याला वाय-फाय असिस्ट म्हणतात, अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक नाव बदलतं. मग ‘मघाशी याच वाय-फायवर चाललं होतं’ असं आपण छातीठोकपणे सांगतो आणि ते चाललेलं असतं मोबाइल डेटावर. ही एक गोष्ट न पाळल्यामुळे सगळा शोध चुकीच्या दिशेला जातो.

सरकारी बंदीबद्दल थोडं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार एखादी साइट किंवा ॲप बंद करायला लावू शकतं. जून २०२० मध्ये टिकटॉकसकट ५९ ॲप याच कलमाखाली बंद झाली. अशी बंदी देशातल्या सगळ्याच सेवा पुरवठादारांना लागू असते, त्यामुळे वाय-फाय बदलून फरक पडत नाही. इंटरनेटच बंद करण्याचे आदेश वेगळे. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेट बंद झालं होतं, ते आपल्याकडे बहुतेकांना आठवत असेल. असे आदेश सरकारनं प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. तेव्हा शहरभर मोबाइल डेटाही बंद दिसला तर फोन उघडत बसू नका, आधी असा आदेश निघालाय का ते बघा.

मोबाइल डेटावर काम झालं आणि वाय-फायवर अडलं, तरच पुढं वाचा.

लॉगिनचं पान येतच नाही

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. वाय-फाय जोडलं जातं, पण मोबाइल नंबर टाकून ओटीपी मागवायचं पान काही उघडत नाही.

हा ओटीपी कशासाठी, असं लोक वैतागून विचारतात. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं पाठवलेली धमकीची मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सेवा पुरवठादारांना सूचना काढल्या: सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवा, म्हणजे ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाइलवर एसएमएसनं लॉगिन द्या. तेव्हा हा ओटीपी टाळता येण्यासारखा नाही, पान उघडणं एवढंच आपल्या हातात आहे.

ते पान उघडतं कसं हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. वाय-फाय जोडल्या जोडल्या फोन एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विचारणा करतो. अँड्रॉइड गूगलच्या पत्त्यावर विचारतो आणि २०४ या कोडचं रिकामं उत्तर यावं अशी त्याची अपेक्षा असते. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर विचारतो, तिथून ‘सक्सेस’ हा शब्द यायला हवा. मधल्या यंत्रानं त्याऐवजी आपलं पान पुढं केलं की फोनला समजतं, इथं आधी लॉगिन लागणार, आणि तो ‘साइन इन’ची सूचना दाखवतो. ही विचारणाच बाहेर पडली नाही किंवा तिचं उत्तर भलत्या वाटेनं आलं तर पान येत नाही.

विचारणा अडवणाऱ्या दोन गोष्टी नेहमीच्या. पहिली म्हणजे फोनमध्ये कायम चालू राहणारं व्हीपीएन. ते लॉगिनपुरतं बंद करा, लॉगिन झालं की पुन्हा चालू करा. दुसरी, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडणारी, प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, हे सेटिंग आलं. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून कुणी भाचा-पुतण्या काका-काकूंच्या फोनमध्ये तिथं एखाद्या सर्व्हरचं नाव टाकून देतो. घरी ते छान चालतं. पण हे डीएनएस पोर्ट ८५३ वरून जातं (पोर्ट म्हणजे नंबर दिलेली वाट, त्याबद्दल पुढं), सार्वजनिक जाळ्यावर ते पोर्ट बऱ्याचदा बंद असतं, आणि नाव पक्कं टाकलेलं असल्यामुळे फोन दुसऱ्या कुणाला विचारायलाच तयार नसतो. मग काहीच उघडत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रायव्हेट डीएनएस, तिथं ‘ऑटोमॅटिक’ निवडा. वर सांगितलेल्या शिक्षिकाबाईंच्या फोनमध्ये एवढंच होतं.

तरीही पान येत नसेल तर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, नसलेली साइट उघडा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट याच कामासाठी आहे, आधी एचटीटीपी लिहून उघडायची. बँकेची किंवा गूगलची साइट उघडून लॉगिनचं पान यायची वाट बघू नका. त्या साइट एचटीटीपीएसवर असतात, मध्येच कुणी आपलं पान घुसवायला गेलं की ब्राउझर प्रमाणपत्राचा, म्हणजे साइटच्या ओळखीच्या पुराव्याचा, लाल इशारा देतो आणि अनेक साइटच्या बाबतीत पुढं जाऊच देत नाही. ब्राउझरचं बरोबर असतं. तो इशारा ओलांडायची वाट शोधू नका. लॅपटॉप असेल तर नेटवर्कच्या तपशिलात ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून एक आकड्यांचा पत्ता दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकला तरी पुष्कळदा लॉगिनचं पान उघडतं.

तोच तपशील उघडलाय तर आपल्या लॅपटॉपचा पत्ताही बघून घ्या. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं आपल्याला पत्ताच दिलेला नाही. गर्दीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर असं होतं: सिग्नल पोहोचतो, पण वाटायचे पत्ते संपलेले असतात. इथं कुणी काही अडवलेलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा जोडायचं, एवढंच.

ओटीपी येत नाही ही तक्रार वेगळी. ओटीपी एसएमएसनं येतो आणि एसएमएस वाय-फायवर अवलंबून नाही, तेव्हा मोबाइलचं नेटवर्क बघा. दिवाळीत किंवा डिसेंबरात अमेरिकेहून येणारी भावंडं इथं हमखास अडकतात, कारण बरीच लॉगिन पानं फक्त भारतीय नंबर घेतात. त्यांना आपल्या नंबरवर आलेला ओटीपी देऊ नका. त्या लॉगिनवर जे काही होईल त्याची नोंद आपल्या नावावर राहते. त्यापेक्षा आपल्या फोनचा हॉटस्पॉट द्या.

लॉगिन झालं, पण दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा अनोळखी ठरला, असं होत असेल तर मॅक ॲड्रेस, म्हणजे फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक, बघा. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतो. आपला माग कुणी ठेवू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे. पण होस्टेलमध्ये किंवा संस्थेत जिथं फोनचा मॅक लिहून घेऊन नोंदणी केलेली असते, तिथं नोंदवलेला पत्ता आणि फोननं दिलेला पत्ता जुळत नाही. फक्त त्या एका वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस मॅक’ निवडा, आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करा. बाकी सगळीकडे ते चालूच राहू द्या.

आणि वेळ संपली असेल तर? रेलटेल या रेल्वेच्या कंपनीच्या स्थानकांवरच्या सेवेत दिवसाला पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएस वेगानं फुकट असतात, त्यापुढं पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो. ही पैशांची योजना मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. गाडीला उशीर झाला आणि मध्येच नेट थांबलं तर आधी हे आठवा. दुकानांमधून दिसणारं पीएम-वाणी वेगळं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या सरकारी सार्वजनिक वाय-फाय योजनेत लॉगिन त्यासाठीच्या ॲपमधून होतं, तेव्हा ते ॲप आधी घरी बसूनच टाकून ठेवा.

मेल येतात, पण जात नाहीत

लॉगिन झालं, साइट उघडतात, यूट्यूबही चालतं, पण एखादंच काम अडतं. आता प्रश्न पोर्टचा. वाड्याला जशा अनेक दिंड्या असतात, तसे इंटरनेटवर प्रत्येक कामाला ठरलेले पोर्ट असतात आणि त्यांना नंबर असतात. साइट उघडायला ८० आणि ४४३ लागतात. सार्वजनिक वाय-फाय देणारे बरेच जण हे दोन उघडे ठेवतात आणि बाकीचे बंद करून टाकतात. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं चालतं आणि ब्राउझरच्या बाहेरचं एखादं काम बसून राहतं.

मेलचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका खंडेराव मार्केटकडच्या काही छोट्या व्यापाऱ्यांची बिलं बघतात. लॅपटॉपवर आउटलुक, स्वतःच्या डोमेनची मेल. काकूंना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तिथल्या वाय-फायवर बसून ते काम उरकत होते. मेल धडाधड येत होत्या, पण त्यांनी पाठवलेली बिलं आउटबॉक्समध्ये साचत गेली, आणि तळाशी सारखी तीच ओळ: सर्व्हरशी संपर्क झाला नाही.

‘अरे, पासवर्ड बदलून बघू का?’ काकांनी फोनवर विचारलं.

‘नको काका. पासवर्ड चुकीचा असता तर मेल आल्या असत्या का?’

इथंच निम्मं निदान होतं. मेल आणायला एक सर्व्हर आणि एक पोर्ट, पाठवायला दुसरा. आणण्याचं पोर्ट साधारण ९९३ किंवा ९९५ असतं. काकांचं पाठवण्याचं पोर्ट होतं २५, कारण खातं ज्या काळी कुणीतरी लावून दिलं तेव्हा तसंच लावायची पद्धत होती. २५ हे पोर्ट मुळात एका मेल सर्व्हरनं दुसऱ्याला मेल देण्यासाठी आहे. व्हायरस शिरलेले कॉम्प्युटर त्याच पोर्टवरून हजारो फसव्या मेल सोडतात, आणि तसं झालं की अख्ख्या जाळ्याचा पत्ता काळ्या यादीत जातो. म्हणून सार्वजनिक जाळ्यावर ते बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. माणसानं आपली मेल सर्व्हरकडे सोपवावी यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट १९९८ मध्येच ठरलं. ४६५ वरही पाठवता येतं. तिथं जोडणी पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असते आणि २०१८ पासून अधिकृत शिफारसही त्याचीच आहे.

आउटलुकच्या जुन्या रूपात फाइलमधून अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, आपलं खातं उघडा, ‘मोअर सेटिंग्ज’ दाबा. ‘आउटगोइंग सर्व्हर’ या भागात ‘माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ यावर खूण करा. मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या, चौकटीतले २५ काढून ५८७ लिहा आणि खालच्या यादीतून स्टार्टटीएलएस (जोडणी सुरू झाल्यावर ती कूटबद्ध करायची पद्धत) निवडा. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या अगदी तळाशी आउटगोइंग सर्व्हर दिसतो, तिथं हेच करायचं. काकांच्या साचलेल्या मेल तेवढ्यानं एकामागोमाग एक गेल्या. आणि हे पोर्ट घरीही चालतं, त्यामुळे परत बदलायची गरज नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कधी ५८७ उघडं असतं, पण ‘सर्व्हर स्टार्टटीएलएस देत नाही’ असा निरोप येतो आणि घरी तोच सर्व्हर स्टार्टटीएलएस देत असतो. काही फायरवॉल (जाळ्यावर पहारा ठेवणारी यंत्रणा) मध्ये बसून मेलच्या संवादातला तो भागच पुसून टाकतात. अशा वेळी यादीतून ‘नन’ निवडलं की मेल जाते, आणि लोक खूश होतात. कृपा करून असं करू नका. तुमचा पासवर्ड आणि मजकूर त्या जाळ्यावर उघडा जातो. ४६५ आणि एसएसएल निवडा. तिथं पुसायला काही उघडं नसतंच.

जीमेलचं खातं असं बाहेरच्या प्रोग्राममधून वापरत असाल तर नुसत्या पासवर्डनं चालणार नाही. मे २०२२ च्या शेवटी गूगलनं ती सोय वैयक्तिक खात्यांसाठी काढून घेतली. प्रोग्राममध्ये गूगलचं लॉगिन पान उघडून परवानगी द्या, किंवा दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा. ही अडचण पोर्टची नाही, पण दोन्ही एकदमच समोर आल्या तर माणूस गोंधळतो.

५८७ आणि ४६५ दोन्ही बंद सापडले तर वेळ घालवू नका. ब्राउझरमधून वेबमेल उघडा. ते ४४३ वरून जातं, म्हणजे साइट उघडतायत तोवर मेल जाणारच.

पोर्ट बंद आहे याची खात्री करायची असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा आहे. तिला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिला की शेवटच्या ओळीत ट्रू किंवा फॉल्स येतं. फॉल्स यायला बराच वेळ लागला, तर बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलनं विचारणा गिळलेली असते. फॉल्स पटकन आलं, तर बहुधा पलीकडे कुणीतरी आहे, फक्त ते पोर्ट तिथं ऐकत नाही. हीच आज्ञा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. वाद संपतो.

कॉल लागत नाही, व्हीपीएन जोडत नाही

मेसेज आणि कॉल वेगवेगळ्या पद्धतीनं जातात. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती: टीसीपी पोहोचल्याची खात्री करून पाठवतं, यूडीपी खात्री न करता पटकन. मेसेजला टीसीपी चालतं. आवाजाला उशीर सोसत नाही म्हणून कॉल यूडीपीवरून जायला बघतो, आणि सार्वजनिक जाळ्यावर यूडीपी पुष्कळदा सरसकट बंद असतं. खूण अशी: रिंग वाजते, समोरचा उचलतो, मग ‘रीकनेक्टिंग’ येत राहतं किंवा आवाज तुटत जातो. मुलाखत किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर गूगल मीट किंवा झूम बरं पडतं. यूडीपी मिळालं नाही तर ती ४४३ वर टीसीपीनं जोडून घेतात. चित्र थोडं अडखळतं, पण बोलणं होतं. तरी महत्त्वाच्या मुलाखतीला सार्वजनिक वाय-फायवर बसू नका, मोबाइल डेटा शिल्लक ठेवा.

व्हीपीएनचं कारणही हेच. ओपनव्हीपीएन नेहमीच्या मांडणीत यूडीपी ११९४ वापरतं, वायरगार्ड साधारण यूडीपी ५१८२०, आयपीसेक ५०० आणि ४५००. तिन्ही यूडीपीच. ऑफिसच्या आयटीवाल्यांना ‘व्हीपीएन चालत नाही’ असं न सांगता ‘मी जिथं आहे तिथं यूडीपी बंद आहे, टीसीपी ४४३ वरून जोडायची सोय आहे का?’ असं विचारा. ओपनव्हीपीएनमध्ये ती सोय सहज देता येते. वायरगार्ड स्वतः टीसीपीवर चालत नाही, तेव्हा तिथं त्यांना दुसरी वाट काढावी लागेल.

मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेबनीस रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवून, कारखान्याच्या टॅलीत शिरतात. त्याचं पोर्ट ३३८९, आणि तेही बाहेर बंद मिळतं. इथं मी ते उघडून मागायला सांगणार नाही. ३३८९ थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेला कॉम्प्युटर म्हणजे खंडणीखोर व्हायरसना आमंत्रण. ४४३ वरून चालणारा रिमोट डेस्कटॉप गेटवे लावून घ्या किंवा आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप.

इंजिनिअरिंगच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न: होस्टेलमधून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड जात नाही, कारण एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीचं) पोर्ट २२ बंद. सगळ्यात सोपं म्हणजे रिपॉझिटरीचा पत्ता एचटीटीपीएसवाला करून टोकननं लॉगिन करा. एसएसएचच हवं असेल तर गिटहब ते ४४३ वरही देतं. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टनेम म्हणून ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’ आणि पोर्ट ४४३ लिहायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरसाठी मात्र परवानगीच मागा. संस्थेनं जे विचारपूर्वक बंद केलंय ते आडवाटेनं उघडलं तर नुकसान तुमच्या नावावर लागतं, आणि रीतसर अर्ज केला की हे मिळतं असं मी पाहिलंय.

प्रिंटर किंवा टीव्ही त्याच वाय-फायवर असूनही फोनला दिसत नसेल, तर तिथं एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू न देण्याची व्यवस्था चालू आहे. अनोळखी माणसाला तुमचा लॅपटॉप दिसू नये म्हणून ती असते. फाइल प्रिंटसाठी मेल करा, विषय संपला.

या तीन गोष्टी कुणी सांगितल्या तरी करू नका

लॉगिनच्या पानानं ‘हे प्रमाणपत्र इन्स्टॉल करा’ म्हटलं तर तिथून उठा. संस्थेच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याला कारण असू शकतं. पण तुमच्या खासगी फोनवर ते टाकलं की तुमची एचटीटीपीएस जोडणी मध्येच उघडून वाचायची सोय दुसऱ्याच्या हाती जाते, बँकेसकट.

अडलं म्हणून पहिलं दिसेल ते फुकट व्हीपीएन टाकू नका. वाय-फायवाल्याला जे दिसू नये असं वाटतं ते सगळं तुम्ही एका अनोळखी कंपनीकडे सोपवता, आणि ती पैसे कुठून मिळवते हा प्रश्न राहतोच.

आणि प्रमाणपत्राच्या इशाऱ्यावर ‘तरीही पुढं जा’ दाबून बँक, पेन्शन किंवा जीवन प्रमाण अशी कामं करू नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची घाई असते हे मला माहीत आहे. तेवढ्या कामापुरता मोबाइल डेटा वापरा, किंवा नात्यातल्या कुणाचा हॉटस्पॉट घ्या.

वाय-फाय चालवणाऱ्याला काय सांगायचं

काउंटरवर जाऊन ‘तुमचं नेट बंद आहे’ म्हटलं की तो माणूस आपल्या फोनवर यूट्यूब चालवून दाखवतो आणि आपण परत फिरतो. दोघांचंही खरं असतं. म्हणून नेमकं सांगा. मी लोकांना असा मजकूर देतो:

‘आपल्या वाय-फायवर साइट उघडतात, पण मेल पाठवता येत नाही. मोबाइल डेटावर तीच मेल लगेच जाते. बाहेर जाणारी टीसीपी ५८७ आणि ४६५ ही पोर्ट बंद दिसतात. २५ बंदच राहू द्यावं. ही दोन उघडता येतील का? व्हिडिओ कॉलसाठी यूडीपी ३४७८ सुद्धा उघडलं तर रुग्णांच्या नातेवाइकांची सोय होईल.’

खाली वाय-फायचं नाव, वेळ, फोन किंवा लॅपटॉपचं मॉडेल आणि दिसलेल्या निरोपाचा स्क्रीनशॉट जोडा. काउंटरवरच्या माणसाला यातलं काही कळायची गरज नाही, त्यानं तो कागद जाळं सांभाळणाऱ्याकडे पोहोचवला की झालं. तांत्रिक माणूस गुजराती असो की हिंदी बोलणारा, पोर्टचे नंबर त्याला लगेच समजतात. काकांच्या दवाखान्यात ५८७ आधीपासून उघडं होतं, पण दुसऱ्या एका ठिकाणी अशाच चिठ्ठीवर दोन्ही पोर्ट त्याच आठवड्यात उघडून मिळाली. यूडीपीला त्यांनी नकार दिला. तिथं आता कॉलसाठी मीट वापरायला सांगतो.